खिंडीतले दगड

बुधीनं डोक्यावरची मुरमाची टोपली रस्त्याच्या मधोमध उतरवली आणि तिथंच खाली बसली. मागून टोपल्या घेऊन येणाऱ्या बाया थांबल्या, बायांमुळे बैलांचा रोलर थांबला. मुकादम सुका नाना लांबून ओरडत आला, पण ती काही उठेना. मी खिंडीच्या वरच्या अंगाला लेव्हल बघत होतो. उन्हं चढलेली, साहेबांचं इन्स्पेक्शन तोंडावर आलेलं, आणि ही बाई रस्त्यात फतकल मारून बसलेली. मी तणतणतच खाली आलो.

मी तेव्हा जंगलखात्याच्या रस्त्यांवर ओव्हरसियर होतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगर आहेत, सागाचं दाट रान आहे. त्या रानातून मोठ्या साहेबांनी एक कच्चा रस्ता काढायला सांगितला होता, आणि तोही फक्त सायकलींसाठी. आज कुणाला हसू येईल. मलाही आलं होतं. साहेबांना सायकलचं वेडच होतं म्हणा. पण कारण खोटं नव्हतं. उन्हाळ्यात वणवे लागत, साग चोरीला जाई, आणि पायी फिरणारा गार्ड तिथं पोहोचेपर्यंत सगळा कारभार आटोपलेला असे. सायकलवरचा गार्ड वेळेत पोहोचेल, असं साहेबांचं म्हणणं. बैलगाडीला मात्र सक्त मनाई. गाडीच्या चाकाला लोखंडी पट्ट्याची धाव असते. ती मुरमात खोल चाकोऱ्या पाडते, आणि चाकोरीत सायकलचं चाक अडकलं की स्वार तोंडावर आपटतो.

असा रस्ता बांधायचा तर आधी खाली मोठे दगड फोडून हातानं बसवायचे. त्याला सोलिंग म्हणतात. त्यावर मुरूम, मग पाणी, मग रोलर. वरून दिसतो तो मुरूम, पण रस्ता उभा असतो सोलिंगवर. आम्ही खालून नाल्यापासून काम सुरू केलं होतं आणि आता वर खिंडीत पोहोचलो होतो.

बुधी जवळच्याच पाड्यावरची, भिलाची विधवा. कामाला खणखणीत, बोलायला कमी. आजवर तिच्याबद्दल एक तक्रार नव्हती. मी विचारलं, बाई, झालं काय? तिनं खिंडीच्या कडेला बोट दाखवलं. तिथं गवतात एक मोठी गोल जागा उघडी पडली होती. बरीच वर्षं दबलेलं गवत असतं तशी पांढुरकी.

"मना धनी आठे व्हता," ती म्हणाली. "कोठे गया?"

मला काही कळेना. मी नानाकडे पाहिलं, तर त्याचा चेहरा उतरलेला.

नाना पारोळ्याकडचा, सपाटीवरचा माणूस. मी ऑफिसच्या कामाला धुळ्याला गेलो होतो तेव्हा खाली नाल्यापाशी त्याला दगड कमी पडला. शोधत शोधत तो खिंडीत आला, तर वाटेच्या कडेला दगडांचा छान ढीग. आमच्या धंद्यात रस्त्याकडेला ढीग दिसला की तो चट्टाच, म्हणजे कामासाठी रचून ठेवलेला दगड. नानाला वाटलं, एखादा जुना ठेकेदार टाकून गेला असेल. आयता चट्टा सापडला म्हणून गडी खूश झाला. आपल्या गावाकडच्याच गाडीवानांकडून त्यानं तो उचलवला, खाली आणून फोडला आणि नाल्यापाशी सोलिंगला घातला. कुणाही मुकादमानं हेच केलं असतं.

तो चट्टा नव्हता. बुधीच्या नवऱ्याला त्या जागी वाघानं नेलं होतं. मागे काही म्हणजे काही सापडलं नव्हतं, फेट्याचं फडकंसुद्धा नाही. ज्याला वाघ नेतो त्याला माती मिळत नाही. म्हणून त्या जागेवरून येणाराजाणारा एकेक दगड ठेवतो. पिंपळनेरच्या बाजाराला जाणारी सगळी माणसं त्याच खिंडीतून जात. अशी कितीतरी वर्षं अनोळखी माणसं त्याला थोडी थोडी माती देत आली होती.

मग तिनं विचारलं, ते दगड आता कुठं आहेत? नानानं मान खाली घालून सांगितलं, नाल्याजवळच्या तुकड्यात. त्या तुकड्यावर बायांच्या ज्या टोळीनं मुरूम टाकला होता, तिच्यात ती होती.

"त्यावर मीच मुरूम टाकेल शे," ती म्हणाली.

रडली नाही. मला माणूस रडलेलं बघवत नाही, पण ते न रडणं त्याहून वाईट होतं.

नाना तसा फटकळ, पण मनाचा मऊ. तो म्हणाला, आजच्या आज गाडीभर दगड आणून टाकतो, होता त्याहून मोठा ढीग करतो. तिनं मान हलवली. गाडीभर दगड म्हणजे नुसते दगड. वाटेनं जाणाऱ्यानं ठेवला तरच तो त्याला पोचतो, एका खेपेला एकाचा एक. आणि घरच्यांचा चालत नाही. घरच्यांनी रडायचं, दगड परक्यानं ठेवायचा. म्हणजे तिनं स्वतः ठेवायची सोय नव्हती, पाड्यावरच्या भाऊबंदांचीही नव्हती. तिला वाटसरूच हवे होते.

आणि आम्ही तर वाटसरूच बंद करायला निघालो होतो. रस्ता खुला झाला की त्यावर गाडी नाही, गुरं नाहीत, पायी माणूसही नाही, असा हुकूम होता. बाजारकरूंनी डोंगराला वळसा घालून लांबच्या वाटेनं जायचं. हुकूम माझ्या खिशातच होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी तो नीट वाचला.

संध्याकाळी कॅम्पकडे उतरताना मी एक दगड ठेवला, नानानं एक ठेवला. बुधी बाजूला उभी राहून बघत होती.

साहेब आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. वाईट झालं म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. मग मी धीर करून विचारलं.

"साहेब, निदान बाजाराच्या दिवशी पायी माणसाला खिंडीतून सोडू या."

"पायी माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड असते, ओव्हरसियर. कनवटीला चकमक असते."

"कुऱ्हाडी नाक्यावर ठेवून घेऊ."

"आणि वणवा लागला की उत्तर कोण देणार? तुम्ही?"

आदल्या उन्हाळ्यातलं जळकं रान समोरच दिसत होतं. साहेब म्हणाले, गार्ड लोकांना सांगा, जातायेता ठेवतील दगड. आज मीही ठेवतो.

मग रस्ता बघायला ते पलीकडच्या टोकाला गेले आणि तिकडून सायकलवर खिंडीत आले. मी सांगितल्यावरून बुधी खिंडीच्या तोंडाशी दगड घेऊन उभी होती, त्यांच्या हातात द्यायला. पण तिथून सरळ उतार लागतो, रस्ता नवाकोरा, आणि साहेब खुशीत. तिनं हात पुढे केला. त्यांना वाटलं सलाम करते आहे. त्यांनी टोपी उचलली आणि भर्रकन उतरून गेले. खाली पोहोचल्यावर त्यांनी माझी पाठ थोपटली, रस्ता नंबर एक झाला म्हणाले. दगडाचं ते साफ विसरले होते. मीही आठवण करून दिली नाही. करून तरी काय, ते पुन्हा चढून थोडेच गेले असते!

गार्डांनी सुरुवातीला दगड ठेवले. चढावर सायकल ढकलतच न्यावी लागे, तेव्हा एखादा उचलून ठेवायला जड नव्हतं. पण पुढे तेही कंटाळले. मग बुधी लांबच्या वाटेच्या फाट्यावर जाऊन बसू लागली. बाजाराला निघालेल्यांना हात जोडून म्हणायची, एवढ्या खेपेला खिंडीतून जा. लोक हळहळायचे आणि वळशानं जायचे. दुसऱ्या पाड्यावरचा एक म्हातारा तेवढा गेला. गार्डानं त्याला धरलं, कुऱ्हाड काढून घेतली आणि दिवसभर नाक्यावर उपाशी बसवून ठेवलं. मी सोडवायला पोहोचलो तोवर बाजार उठून गेला होता.

त्यानंतर ती फाट्यावर दिसली नाही. दुरुस्तीच्या कामावर भेटली तेव्हा मी विचारलं, आता कुणाला सांगत नाहीस?

"नही भाऊ," ती म्हणाली. "मना धनीसाठे कोनी उपाशी ऱ्हावाले नको. धनीले मी सांगी दिन्हं, आते कोनी येवाव नही."

एवढं बोलून तिनं टोपली उचलली.

माझी बदली झाली तेव्हा ढीग जेमतेम नडगीएवढा होता, आणि त्यातले बरेचसे दगड माझे आणि नानाचे. रस्ता मात्र उत्तम टिकला. नाल्याजवळचा तुकडा तर एकाही पावसात खचला नाही.

नवीन रस्ता काढताना ऑफिसात पहिला प्रश्न असतो, या रस्त्यानं जाणार कोण? पुढच्या सगळ्या नोकरीत मी आणखी एक विचारत आलो, आज या वाटेनं जातं कोण? त्या प्रश्नानं एकही रस्ता बदलला नाही, हेही सांगतो. जिथं गेलो तिथल्या मुकादमाला एवढंच बजावता आलं, की कडेचा ढीग उचलायच्या आधी पाड्यावर जाऊन विचारून ये.