एकोणीस वर्षांची टकटक

मेहुण्याचं बहिणीच्या संसारात नेमकं काय काम असतं, हे मला ताईच्या लग्नानंतर बरीच वर्षं कळलं नव्हतं. भाऊजींनी गाडी आणली तेव्हा कळलं. ती ढकलायला एक माणूस लागतो.

गाडी म्हणजे मॉरिस मायनर. विलायती, चार दारांची, माझ्यापेक्षा वयाने मोठी आणि माझ्यापेक्षा हट्टी. एका डॉक्टरीणबाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती अठरा वर्षं उभी होती. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटले होते, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून इतका गेला होता की ब्रेक दाबायला पाय टेकला की थेट जमीन लागायची. ताईने शेडच्या दारातूनच विचारलं, "ही घरी न्यायचीय की इथेच पुरायचीय?" भाऊजी बॉनेटला कान लावून उभे होते. इंजिन अठरा वर्षं बंद होतं, तरी ते ऐकत होते.

तो त्यांच्या नोकरीचा दोष. भाऊजी पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचे. जमिनीखालचा नळ कुठे फुटलाय ते वरून दिसत नाही, म्हणून रस्ता खणायच्या आधी एक माणूस लांब लोखंडी काठी घेऊन जातो, तिचं टोक रस्त्यावर टेकवतो आणि वरच्या लाकडी बोंडाला कान लावतो. खाली पाणी सुटलं असेल तर त्याला काठीतून ऐकू येतं. तो खडूने फुली मारतो आणि मजूर तिथे खणतात. एकतीस वर्षं हा माणूस म्हणजे आमचे भाऊजी. त्यांची फुली कधी चुकली नाही, असं खात्यात सगळे सांगतात. भाऊजी तर सांगतातच. निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. त्यांनी काठी मागून घेतली.

गाडी उभी करण्यात तीन वर्षं गेली. खालचा पत्रा कापून नवा जोडला. वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं, ते एकेक तार मोजून पुन्हा भरलं. कार्ब्युरेटरचे बारीक भाग ताईच्या चहाच्या गाळण्यात धुतले, त्यावर ताई जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मीही माझा हातभार लावला. या गाडीत बॅटरीचं सगळं उलटं असतं, पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडायचं. मी शहाणपणा करून सरळ जोडलं. डायनॅमोने चार्जिंग सोडलं. भाऊजी मला चकार शब्द बोलले नाहीत. नंतर ताईकडून कळलं की ते चार दिवस कोणाशीच बोलले नव्हते.

शेवटी गाडी चालू झाली. राखाडी रंग, लाल सीट, आरशासारखा बंपर. आजूबाजूचे लोक बघायला आले. आणि इंजिनातून टकटक यायला लागली.

फार मोठी नव्हे. कोणीतरी नखाने टेबलावर वाजवावं तेवढीच. दुसऱ्या कुठल्याही माणसाने तिच्याकडे कानाडोळा केला असता. पण ज्याने फुटभर काँक्रीटखालचं पाणी ऐकलंय, त्याच्या स्वतःच्या गाडीत आवाज आहे आणि तो सापडत नाही, ही गोष्ट भाऊजींच्या जिव्हारी लागली. त्यांनी टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या खुंट्यांचं, अंतर बसवलं. टायमिंगची साखळी बदलली. पंख्याचा पट्टा काढून गाडी चालवून पाहिली. पंप, डायनॅमो, पिस्टनच्या पिना, एकेक संशयित धरून आणला आणि निर्दोष सोडला. दर रविवारी सकाळी ते काठीने इंजिन ऐकायचे आणि मी दिवा धरायचो. असं एकोणीस वर्षं चाललं. तेवढ्यात माझी मुलं कॉलेजातून बाहेर पडली.

बाकी गाडीची देखभालही ते कानानेच करायचे. तेल, ग्रीस कधी द्यायचं याचा तक्ता गाडीबरोबरच्या जुन्या पुस्तकात छापलेला होता. भाऊजींना तो अपमान वाटायचा. "तारखेवर ग्रीस देतात ते मेकॅनिक नव्हेत, कारकून," ते म्हणायचे. "सांधा सुकला की बोलतो. बोलला की द्यायचं." आणि खरोखर, चाक कुठे जरासं करकरलं की ते त्याच दिवशी ग्रीसची पिचकारी घेऊन गाडीखाली शिरायचे.

मग तो रविवार आला. भाऊजींनी आठही टॅपेटमध्ये पातळ पट्टी घालून अंतर पुन्हा एकदा बसवलं. इंजिन चालू केलं. काठीचं टोक टेकवलं, बोंड कानाला लावलं. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग काठी दुसऱ्या कानाला लावली. मग इंजिन बंद करून परत चालू केलं.

"गेला," ते म्हणाले.

टकटक चालूच होती. माझ्यापासून दोन हातांवर, स्वच्छ.

"गेला ना रे आवाज?" त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं.

आता काय बोलायचं? माणूस एकोणीस वर्षं एका आवाजाच्या मागे लागलेला. मला भूक लागली होती, दिवा धरून हात भरून आला होता, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला ‘नाही’ म्हणवेना. "गेला की!" मी म्हणालो. तेवढ्यात ताई चहा घेऊन बाहेर आली. भाऊजींनी तिलाही विचारलं, "ऐक बरं. येतोय का काही आवाज?" ताईने इंजिनाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "नाही हो," ती म्हणाली. "एकदम शांत."

नंतर स्वयंपाकघरात तिने मला धरलं.

"तू का खोटं बोललास?"

"तू का बोललीस?"

"त्यांचं तोंड पाहिलंस ना?"

मी पाहिलं होतं. विषय तिथेच संपला.

आधी आम्हाला वाटलं, दमलेला माणूस मनाची समजूत घालून घेतोय. पण मग हळूहळू ध्यानात यायला लागलं. दाराची घंटा वाजायची, भाऊजी पेपर वाचत बसलेले. शेजारी फोन खणखणायचा, ते खिडकीबाहेर बघत. ताईच्या हाका त्यांना ऐकू येत नव्हत्या, पण बायकोच्या हाका नवऱ्याला ऐकू न येणं यात तिला पहिले काही आठवडे नवीन काही वाटलं नाही. वाटलं तेव्हा उशीर झाला होता. आता कान गेले म्हणावं, तर टकटक गेली नाही हेही सांगावं लागणार, आणि आपण दोघांनी तोंडावर थाप मारली हेही. ताईने रेडिओ मोठा लावायला सुरुवात केली. मी त्यांच्यासमोर उभा राहून बोलायला लागलो. आठ महिने आम्ही मूग गिळून बसलो, आणि आपण फार चांगले लोक आहोत असं आम्हाला वाटत राहिलं.

त्याच सुमारास भाचीला मुलगी झाली. तीन महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन भाची माहेरी राहायला येणार होती. भाऊजींनी जाहीर करून टाकलं, "नात पहिल्यांदा आजोळी येणार ती टॅक्सीतून नाही. आपल्या गाडीतून." सव्वाशे किलोमीटरचा रस्ता, मध्ये घाट.

जायच्या दहा दिवस आधी आम्ही चक्कर मारायला गेलो. बेकरीच्या कोपऱ्यावर गाडी उजवीकडे वळली आणि पुढच्या चाकातून आवाज आला. करर्र. तो आवाज मला भाऊजींनीच शिकवला होता. या गाडीचं पुढचं चाक खालच्या एका सांध्यावर तोललेलं असतं. त्याला आतून स्क्रूसारखे आटे असतात. सुकला की करकरतो, करकरून करकरून आटे झिजतात, आणि मग एक दिवस सांधा निसटतो आणि चाक गाडीखाली आडवं होतं. भाऊजी शीळ घालत गाडी चालवत होते.

"भाऊजी, जायच्या आधी ग्रीस मारून घेऊ या का?" मी त्यांच्याकडे वाकून विचारलं.

"का? वाजतंय?"

"वाजत नाही तसं. आपलं उगाच."

"न वाजणाऱ्या सांध्याला ग्रीस म्हणजे जेवून उठलेल्याला परत पानावर बसवणं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते केस कापायला गेले तेव्हा मी चोरून गाडीखाली शिरलो. ग्रीस भरलं, तरी करकर थांबली नाही. मग जॅक लावून चाक वर घेतलं आणि हाताने हलवलं. चाक बोटभर इकडेतिकडे झालं. ग्रीसचं काम राहिलं नव्हतं. आत जाऊन मी ताईला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला.

"मी सांगते त्यांना," ती म्हणाली.

एकोणीस वर्षांत ताईने त्या गाडीला बसण्यापलीकडे हात लावला नव्हता. भाऊजी परत आले तेव्हा ती अंगणात खाली बसली होती, काठीचं टोक चाकाच्या सांध्यावर आणि बोंड कानाला. मी चाक हलवत होतो. भाऊजी दोन मिनिटं फाटकातच उभे राहिले.

"हे काय चाललंय?"

"वाजतंय," ताई त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली.

भाऊजींनी काठी घेतली, वाकून कान लावला. मी चाक हलवलं. कर्र, कर्र.

"काही नाही."

"तुम्हाला नाही," ताई म्हणाली. "मला येतंय. याला येतंय. रस्त्यावरच्या माणसालाही येत असेल. आणि ती टकटकपण गेलेली नाही, पहिल्यासारखीच आहे. तुमचे कान गेलेत."

भाऊजींनी काठी सावकाश भिंतीला टेकवून ठेवली. मला वाटलं ते ताईवर चिडतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले.

मी चाकावरचा हात काढला.

"त्या रविवारी. दोन्ही कानांनी ऐकलं, आवाज नव्हता. एकोणीस वर्षांचा आवाज असा एका फेरीत जात नाही, एवढं मला कळतं. मला वाटलं, आपले कान गेले. म्हणून तुला विचारलं. हिला विचारलं. दोघंही म्हणालात, गेला. म्हटलं चला, म्हणजे कान शाबूत आहेत."

ताई जिथे बसली होती तिथेच रडायला लागली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या माणसाला आमच्याकडून आनंद नको होता. त्याला एक साधं उत्तर हवं होतं, आणि ते देऊ शकणारी जगात दोनच माणसं त्याच्यासमोर उभी होती.

"आठ महिने गाडी चालवतोय मी," भाऊजी म्हणाले. "लोकांच्या पोरांमधून. हॉर्न ऐकू येत नसताना."

मग ते आत गेले, जुना शर्ट घालून आले आणि त्यांनी चाक उतरवलं. सांधा उघडला. आटे जवळजवळ सपाट झाले होते. त्यांनी त्यावरून अंगठ्याचं नख दोनदा फिरवलं आणि तो तुकडा माझ्या हातात दिला, मीही नख फिरवावं म्हणून. मी फिरवलं. नख कुठेच अडलं नाही.

नवा सांधा यायला पाच दिवस लागले. दोन्ही बाजूंचे बदलले. त्या पाच दिवसांत कानांच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. शीर कमकुवत झालीय, ते म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, यंत्राने माणसांचं बोलणं समजेल. यंत्र मिळायला तीन आठवडे होते. भाऊजींनी ते मान हलवून ऐकून घेतलं, म्हणजे ताईने कागदावर लिहिलेलं वाचून घेतलं. घरी आल्यावर त्यांनी ते जुनं पुस्तक काढलं आणि ग्रीसच्या तारखा कॅलेंडरवर मांडल्या. आपण कारकून झालो, असं ते स्वतःच म्हणाले. जायच्या दिवशी सकाळी त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि फिरून डावीकडच्या दाराने आत बसले. ती गाडी मी तोवर फक्त ढकललेली होती.

मी घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. परत येताना मागच्या सीटवर ताई आणि भाची, ताईच्या मांडीवर नात, झोपलेली. भाऊजी पूर्ण रस्ता समोर बघत होते. घरापासून शेवटच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"आहे का आवाज?"

"आहे," मी म्हणालो.

"कसा वाजतोय?"

मी सांगायचा प्रयत्न केला. बारीक, कोरडा, वरच्या बाजूने. त्यांना समजेना. कागद मागे ताईच्या पिशवीत होता. शेवटी मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून करून दाखवलं. टक, टक, टक, टक. शेजारच्या स्कूटरवाल्याने हेल्मेटची काच वर केली. नात जागी होऊन रडायला लागली. मागून भाची म्हणाली, "मामा, काय करताय?"

"इतकी घाई नसते त्याला," भाऊजी म्हणाले.

मी हळू केलं. टक. टक. टक.

"हां," ते म्हणाले. "आता आला ऐकू."