सुमनकाकूंचं ऑक्टोबरातलं गाणं

अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या आमच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये दाराशी बूट साठतात आणि दिवाणखान्यात किस्से. बूट निदान निघताना जो तो आपापले घेऊन जातो, किस्से तिथेच राहतात. त्यातले निम्मे सुमनकाकूंच्या एकाच गाण्याचे.

गाणं काकूंच्या आजोळचं. नावाड्याची बायको भांडून घराबाहेर पडते, रागाच्या भरात 'येते' न म्हणता 'जाते' म्हणते आणि नदीत बुडते. मग दरवर्षी दाराशी येऊन विनवते, 'एकदाच येते म्हणू द्या.' काकू ते फक्त हॅलोविनच्या सुमाराला गातात, पेटी नाही की तबला नाही. अंगावर काटा येतो, तरी आम्ही दरवर्षी फर्माईश करतोच.

*

पुण्याचा मकरंद पक्का नास्तिक. "भूतबित काही नसतं यार," असं म्हणत गेल्या वर्षी तो निघाला. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात मकरंद.

"काकू, मघाशी मी नुसतं बाय म्हटलं. येतो हं."

पठ्ठ्या पार हायवेला लागून परत आला होता.

*

शेजारच्या लिंडाला मराठीचा गंध नाही. गाणं संपल्यावर तिने डोळे पुसत विचारलं, "शेवटी तिला घरात घेतलं का?"

आम्ही कोणीच तिला अर्थ सांगितला नव्हता. असा गळा मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

*

त्याच गळ्यात यंदा गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहीलच याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आमचं धाबं दणाणलं. काकू म्हणाल्या, "चला, भुताला तरी सुट्टी मिळेल."

ऑपरेशनच्या सकाळी त्यांच्यासोबत मी आणि त्यांची नात रिया. इथेच वाढलेली, आजीशीही इंग्रजीतच बोलणारी. गाणं सुरू झालं की ही हेडफोन लावून बसायची.

स्ट्रेचर हललं. काकू हात हलवत म्हणाल्या, "जाते गं बाळा."

रियाने स्ट्रेचरचा कठडा धरला. डॉक्टर थांबलेत, असं नर्सने सांगून पाहिलं. ही सोडेना.

"नो, आजी. येते म्हण."

 काकू "येते" म्हणाल्या, तेव्हा कुठे तिने हात काढला.

दुपारी काकू शुद्धीवर आल्या. बोलायची सक्त मनाई होती. रिया त्यांच्यावर वाकली, आणि घोगरा, पण काकूंचाच आवाज आला.

"आले गं."