पुडीआधी पाणी

कौशल्या गेल्याचा फोन तिच्या सुनेनं, रेखानं, लातूरहून केला तेव्हा मी नांदेडला भाजी निवडत बसले होते. फोन ठेवला आणि तशीच निवडत राहिले. महिना होऊन गेला, अजून रडू आलेलं नाही. राग मात्र येतो... कुणाचा, ते सांगता येत नाही.

नर्सिंग आम्ही बरोबर शिकलो आणि चाकूरकडच्या एका दवाखान्यात बरोबरच लागलो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या कोऱ्या, विहिरी मात्र कोरड्या ठाक. त्या दुष्काळात पोरांना जुलाब लागले. कौशल्या जलसंजीवनीची पुडी दाखवून आयांना शिकवायची, "अख्खी पुडी, लिटरभर पाणी. म्हणून दाखव." बाईनं म्हटल्याशिवाय सोडायचीच नाही. मी चिडवायची, "मास्तरीण व्हायचीस तू, वाट चुकलीस."

शांता नावाची एक कोवळी आई असंच घडाघडा म्हणून गेली आणि लेकरू घेऊन परत आली, तर त्याला झटके येत होते.

"पुडी किती पाण्यात कालवली?" कौशल्यानं विचारलं.

"फुलपात्रभर. घरात तेवढंच व्हतं, बाई. पुडी मात्र अख्खी टाकली, तुमी सांगितल्यावानी."

एवढ्याशा पाण्यात ते औषध म्हणजे नुसतं मीठ. लेकराच्या अंगातलं उरलंसुरलं पाणीही त्यानं ओढून घेतलं. सलाईन लावलं, पण लेकरू हाती लागलं नाही. शांता आम्हालाच विचारत राहिली, "माझं काय चुकलं?"

"तिनं माझं ऐकलं गं," रात्री कौशल्या मला म्हणाली. "नसतं ऐकलं तर वाचलं असतं पोर."

त्यानंतर ती पुडी देण्याआधी विचारायची, "घरी पाणी हाय का?" नसेल तर आमच्या दोघींच्या घागरीतलं पाणी उकळून, त्यात पुडी कालवून बाटली भरून द्यायची. मी लई भांडले. "साऱ्या गावाची तहान तूच भागवणार हायस का?" ती पुढची बाटली भरायला घ्यायची. घागर रिकामी व्हायची, दारात बायका उभ्याच असायच्या. काही पोरं तरीही गेलीच.

म्हातारपणी कौशल्याच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सुरू झालं, आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं. जास्त झालं की छातीत साठून दम लागायचा. दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत तिचे ओठ फुटलेले होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती समजावत होती, "चूळ भरा, पण गिळू नका." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "सुमे, घोटभर दे गं... कोण बघतंय?" मी ओल्या कापसानं तिचे ओठ पुसले. तिनं कापूस दातांत धरला आणि चोखत राहिली. सोडेचना.

परवा तिच्या घरी गेले. तिची खाट अजून बैठकीत तशीच आहे. रेखानं तांब्या भरला, पण बैठकीत आणला नाही.

"मावशी, इकडं मोरीत येऊन प्या," ती म्हणाली. "आम्ही सगळे इथंच पितो. तिथं खाटेवरून आईंना दिसतं."

मी उठले आणि मोरीत गेले.