शांताचा पेशंट मोर्चात गेला

परळच्या बीडीडी चाळीत राहणारी शांता जवळच्याच एका इस्पितळात आया होती. मराठी सातवी पास, कामाला चपळ. रडणाऱ्या पेशंटला गप्प करावं तर तिनंच. पण डॉक्टर नि सिस्टर इंग्रजीत बोलू लागल्या की तिची जीभ टाळूला चिकटायची. नर्स व्हायचं तिनं मनात धरलं होतं आणि त्या शिक्षणाला इंग्रजी लागायचं. म्हणून अठ्ठावन्न साली ती नाक्यावरच्या शाळेत, रविवारी सकाळी भरणाऱ्या इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागली.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. शेजारचे गुणाजी एकदा जिन्यात म्हणाले, "काय वहिनी, आम्ही मराठी राज्य मागतोय नि तुम्ही इंग्रजी घोकताय?"

"राज्य मराठी होईल हो," शांता म्हणाली, "पण औषधाची बाटली मराठी होईस्तोवर पेशंट थांबेल काय?"

तिचा नवरा दौलत गिरणीत कामाला होता. मोर्चा निघाला आणि दौलत घरी बसला, असं कधी झालं नव्हतं. बायकोचं उत्तर ऐकून तो नुसता हसला.

वर्ग घ्यायचे खोताच्या वाडीतले परेरा मास्तर. व्याकरणाचे तक्ते पाठ करून शांता थकली, पण तोंडातून वाक्य काही निघेना. मग एका रविवारी मास्तर कॅमेरा घेऊन आले. बोटीवर नोकरीला असलेल्या भावानं आणलेला, चावी देऊन चालणारा, सिनेमाचा कॅमेरा. म्हणाले, "आपण फिल्म करू. ती मुकी असेल. दाखवताना ज्यानं त्यानं पडद्याशी उभं राहून आपलं इंग्रजी बोलायचं."

शांतानं इस्पितळाचा प्रसंग घेतला. पेशंट दौलत. रीळ एकच, तेही सगळ्या वर्गात वाटलेलं, म्हणून तालीम भरपूर. "आय लिफ्ट हिज लेग," म्हणत ती दौलतचा पाय उचलायची. "आय टाय द बँडेज," म्हणत पट्टी बांधायची. हात कामाला लागले की शब्द आपसूक येत. हे तिचं तिलाच नवल वाटलं.

चित्रीकरणाच्या दिवशी चाळीसमोर बाकडं टाकलं. दौलत त्यावर आडवा झाला. मास्तरांनी चावी दिली, कॅमेरा घरघरू लागला. शांतानं पाय उचलला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बँडेज बांधलं. तेवढ्यात कोपऱ्यावरून मोर्चा वळला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" दौलतनं मान वर केली आणि पेशंट उठून चालू लागला.

"अहो, झोपा!" शांता ओरडली. पण तो गर्दीत मिसळलासुद्धा. बँडेज पाहून लोकांना वाटलं, याला लाठी लागली असणार. त्यांनी त्याला हातगाडीवर बसवून थेट दादरपर्यंत नेलं.

दुपारी घरी आल्यावर तो खाली मान घालून जेवला.

"माझं सगळं मातीत घातलंत," शांता म्हणाली.

"अगं, घोषणा ऐकली नि पायच उठले."

तिला वाटलं, फिल्म गेली. मास्तरांनाही वाटलं, आपण कॅमेरा वेळेवर बंद केला. धुऊन आलेलं रीळ कुणीच आधी पाहिलं नव्हतं. पुढल्या महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना घोंगड्या लावून ते दाखवलं. शांता पडद्याशी उभी राहिली. पाय उचलला, पट्टी बांधली, सगळी वाक्यं नीट झाली. आणि पडद्यावर दौलत उठून बसला.

हॉलमध्ये हशा पिकला. शांताजवळ यापुढचं वाक्यच नव्हतं.

"बोला, शांताबाई!" मास्तर मागून म्हणाले.

तिनं पडद्यावरच्या दौलतकडे बोट केलं. "माय पेशंट... इज गोइंग. आय से, स्लीप. ही नॉट स्लीप." पडद्यावर दौलत लंगडायचंही विसरून धावत होता. "ही इज व्हेरी बॅड पेशंट. ही इज माय हजबंड." ज्यांना इंग्रजी येत नव्हतं तेही हसून लोळले. हसू ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "हिज लेग इज ब्रोकन. बट ही वाँट मुंबई."

टाळ्या थांबेनात. मास्तरांनी एकही चूक सुधारली नाही.

"बॅड म्हणालीस ना मला?" घरी जाताना दौलतनं विचारलं. "तेवढं कळलं हो."

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत शांता पहिल्यांदा नापास झाली. लिहिणं कच्चं पडलं. दुसऱ्या वर्षी तिला घेतलं आणि ती नर्सेसच्या वसतिगृहात राहायला गेली. साठ सालच्या मे महिन्यात राज्य झालं, तेव्हा दौलत फाटकाशी पेढे देऊन गेला. तिच्या खोलीत केरळची मेरी होती. तिनं विचारलं, हे कशाचे? शांतानं पलंगावर बसून तिला सगळं सांगितलं, मोर्चे, गोळीबार, माणसं गेली ते, अडखळत पण न थांबता, इंग्रजीत.

मेरीनं पेढा तोंडात टाकला. म्हणाली, "आमचं केरळ तर छप्पन सालीच झालं."

शांता खळखळून हसली आणि तिनं तिला आणखी एक पेढा दिला.