सळईला पाणी

मांजरसुंब्याजवळच्या टेकडीवर आमच्या दूध सोसायटीची टाकी होती. दुष्काळात तिथलं पाणी वाटायचं काम माझ्याकडं होतं. एकदा टाकीशेजारी तारा बांधून रेडिओवरून लांबलांबच्या लोकांशी बोलणारा एक हौशी रेडिओवाला बसला. त्यानं तांब्याभर पाणी मागितलं आणि रेडिओची तार जोडून जमिनीत ठोकलेल्या सळईपाशी ओतून टाकलं! माझं टाळकंच सरकलं.

"काहून ओतलं? आमी थेंब थेंब पुरवतोय!"

"सळईभोवतीची जमीन कोरडी असली की रेडिओचा आवाज लांब जात नाही," तो म्हणाला. मग त्यानं आपली पिण्याची बाटली माझ्या तांब्यात रिकामी केली.

दुपारभर तो कोरड्या घशानं रेडिओवर हाका मारत राहिला. शेवटी समुद्रापारहून कुणीतरी ओ दिली. माझाच जीव भांड्यात पडला.

मी तांब्या पुढं केला. अर्धं पाणी पिऊन त्यानं सळईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ओता," मी म्हणालो.