कॅप्सूल आणि माझी हुशारी

मी सौंसरला शाळेत मराठी शिकवते. दोन वर्षांपूर्वी छिंदवाड्याहून येताना नववीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बसमध्येच ठेवून मी स्टँडवर उतरले. गठ्ठा एकटाच नागपूरला जाऊन आला. दुसऱ्या दिवशी कंडक्टरने तो आणून दिला आणि म्हणाला, "मॅडम, पाचसहा वाचले मी. निबंध काही जमले नाही कोणाले."

मुख्याध्यापिका रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, "एकदा डॉक्टरांना दाखवून या." गॅसवर दूध, हातात पुस्तक आणि डोक्यात तिसरंच काही, असं माझं लहानपणापासून चाललेलं. घरी याला वेंधळेपणा म्हणत. नागपूरच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी तासभर प्रश्न विचारून त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, म्हटलं. बेचाळिसाव्या वर्षी वेंधळेपणाला इंग्रजी नाव मिळाल्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

बाईंनी रक्तदाब मोजला, हृदयाचा, यकृताचा काही त्रास आहे का, दुसरी कोणती औषधं चालू आहेत का, सगळं विचारलं. मग रोज एक कॅप्सूल लिहून दिली. हे औषध उत्तेजक प्रकारातलं नाही, गुण यायला काही आठवडे लागतील, असं सांगितलं. पुढेही त्या बरंच बोलल्या. मी मान डोलावत होते आणि त्यांच्या टेबलावरच्या काचपेटीतल्या माशांपैकी कोणता मोठा हे ठरवत होते. सोबत नवरा होता. त्याची संत्र्याची बाग आहे, पण त्या दिवशी खरा विद्यार्थी तोच होता. खताच्या दुकानातून मिळालेल्या डायरीत त्याने सगळं लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मी हुशारी केली. कॅप्सूल गिळताना घशात अडकल्यासारखी वाटायची, म्हणून ती उघडून पावडर दुधात टाकायचं ठरवलं. उघडली, थोडी पावडर बोटांना लागली, आणि त्याच बोटांनी मी डोळा चोळला. डोळ्यात आग पेटली.

"काय करून राहिली तू?" नवरा धावत आला. त्याने मला मोरीत नेलं आणि बराच वेळ डोळ्यावर पाणी सोडत राहिला. मग डायरी उघडून शांतपणे वाचलं, "कॅप्सूल उघडायची नाही. पूर्ण गिळायची. डोळ्यात गेली तर पाण्यानं धुवायचं आन् फोन करायचा."

"हे त्या कधी बोलल्या?"

"तू मासे पाहून राहिली होती तेव्हा."

फोनवर डॉक्टरबाई मला एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत. डोळा पुन्हा धुवायला आणि लाली राहिली तर इथेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत डोळा बरा झाला. सुरुवातीला कॅप्सूलने मळमळायचं; ती मी जेवणासोबत घेऊ लागले, तेव्हा तेही कमी झालं.

दहा दिवस झाले तरी माझ्यात काही फरक नव्हता. वर एक दिवस कॅप्सूल घेतली की नाही, हेच आठवेना. विसरभोळेपणाचं औषधच विसरणं, यात माझा हात कोणी धरणार नाही. चुकली असेल तर दोन घेऊन भरपाई करू, असं मी म्हणाले. नवऱ्याने डबी हातातून काढून घेतली आणि फोन लावून दिला. "आठवत नसेल तर आज आणखी घेऊ नका. उद्या नेहमीच्या वेळी एकच," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून सात वारांचे सात खण असलेली डबी ओट्यावर आहे.

नंतर सर्दी झाली. मी औषधाच्या दुकानात सर्दीची गोळी मागितली. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, दुसरं कोणतं औषध चालू आहे काय?" माझ्या मागे वर्गातल्या एका मुलीची आई उभी होती. मी म्हणाले, "नाही."

गोळी घेऊन चौकापर्यंत गेले. सर्दीने दुखणारं डोकं राहिलं बाजूला, मनच खायला लागलं. रोज वर्गात खरं बोला म्हणून सांगणारी मी, सर्दीच्या गोळीसाठी खोटं बोलले होते. परत आले. ती बाई अजून तिथेच होती. मी जरा मोठ्यानेच औषधाचं नाव सांगितलं.

दुकानदाराने गोळीची पट्टी परत घेतली. "यातल्या काही औषधांनी बीपी वाढते. तुमचं औषध चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही देत मी." तिथूनच डॉक्टरबाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, ती गोळी नको, वाफ घ्या.

मी निघाले तेव्हा मुलीची आई मागून आली. आता गावभर होणार, असं मी गृहीत धरलं होतं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्या पोरीचं बी असंच आहे. बसतच नाही एका जागी. आम्ही तिले मारून राहिलो. कोणत्या डॉक्टरले दाखवलं तुम्ही?"

मी तिला पत्ता लिहून दिला. मुलीला कोणतं औषध द्यायचं, द्यायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील, माझं ऐकून हीच कॅप्सूल तिला आणून देऊ नका, हेही बजावलं. मारू नका, हे आधी सांगायला हवं होतं. ते मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन सांगितलं.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी एका रविवारी मी चाळीस पेपर एका बैठकीत तपासले. नवरा बागेतून आला तेव्हा मी लाल पेनाचं टोपण लावत होते. त्याने तपासलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला गेला. मला थोडं रडू येत होतं, आणि चहात साखर जरा जास्त टाक, एवढंच म्हणायला सुचलं.