प्रिंटरची वायर आणि आबांचं भाषण

आता हसायचं असेल तर हसून घ्या, कारण सांगून सांगून मी दमलोय. लग्नाला गेलो तरी कोणीतरी विचारतंच, "मेन स्विचवाले तुमीच न्हवं?" व्हय बाबा, मीच.

मी रहिमतपूरचा. फौजेत सिग्नलमध्ये होतो, तिथनं सुटून सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात लागलो. सत्तरच्या दशकाची अखेर होती. कारखान्यानं नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. कपाटाएवढं धूड, त्याला गार हवेची खोली, आणि शेजारी पेटीएवढा प्रिंटर. तो सुरू झाला की उसाची ट्रॉली दगडांवरनं चाललीय असं वाटायचं. वायरीतलं कळतं म्हणून या खोलीवर मला नेमलं. मलाही वाटलं, आपल्याशिवाय आहे कोण?

पहिल्या खंडेनवमीला यंत्रांची पूजा होती. प्रिंटर सरकवून मध्ये घेतला, त्यासाठी त्याची वायर काढली. हार झाले, नारळ झाला. प्रिंटर जागेवर ठेवला आणि कॉम्प्युटर चालू असतानाच वायर परत खुपसली. फौजेत आयुष्यभर चालू लायनीवर कामं केलेली, इथं काय होणार होतं? बारीक 'टक्' झालं. बस्स, तेवढंच. त्यानंतर प्रिंटर मुका.

पुण्याहून इंजिनियर यायला पंधरवडा लागला. शांत माणूस. आतली सर्किटची एक पाटी काढून त्यानं मला जळालेला ठिपका दाखवला. मी म्हटलं, यापूर्वीही चालू असताना एकदा वायर लावली होती, तेव्हा काही झालं नव्हतं.

"म्हणूनच माणूस फसतो," तो म्हणाला. "बऱ्याचदा काहीच होत नाही. पण दोन्ही यंत्रांचं अर्थिंग सारखं नसलं आणि प्लग जरा तिरका गेला, तर नको त्या पिनेतून करंट जातो आणि हे जळतं. दोन्ही यंत्रं बंद केल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही. पूर्ण बंद."

'पूर्ण बंद' हे दोन शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखे बसले. झोपेतसुद्धा मी स्विच बंद करत असे, असं बायको सांगते.

मग आली पुढल्या वर्षीची सर्वसाधारण सभा. ऑफिससमोर मांडव, मांडवात सभासद. सभासदांना सवलतीच्या साखरेच्या चिठ्ठ्या यंदा कॉम्प्युटरवर छापून द्यायच्या, अशी चेअरमन आबांची इच्छा. खिडकीबाहेर ही रांग लागलेली. प्रिंटर खडखडत होता, मी चिठ्ठ्या फाडून देत होतो. आणि मध्येच प्रिंटर थांबला.

मी मागं जाऊन बघितलं. वायर जरा सैल वाटली. वाटली म्हणतोय, लक्षात घ्या. हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. पूर्ण बंद! कॉम्प्युटर बंद केला, प्रिंटर बंद केला. तरी भिंतीवरच्या स्टॅबिलायझरचा लाल दिवा जळतच होता. आता याला पूर्ण बंद म्हणायचं का? मी व्हरांड्यात गेलो आणि ऑफिसचा मेन स्विच खाली ओढला.

मांडवातल्या माईकची वायर त्याच स्विचवरनं गेली होती, हे मला कोणी सांगितलं होतं?

आबा त्या वेळी विरोधकांच्या प्रश्नाला उत्तर देत होते. "उसाची नोंद का डावलली, याचं खरं कारण असं की..." एवढं झालं आणि माईक गेला.

विरोधक उठले. म्हणाले, खरं कारण सांगायची वेळ आली की बरा माईक बंद पडतो. आबांची माणसं उठली. म्हणाली, तुमीच वायर तोडली. खुर्च्या उचलल्या गेल्या. एका म्हाताऱ्याचा फेटा तिसऱ्याच्याच हातात आला. इकडं मी मात्र शांतपणे, दोन्ही हातांनी, वायरीचे स्क्रू पिळत होतो. इतकं नियमानं काम जन्मात केलं नव्हतं.

चीफ अकाउंटंट कुलकर्णी साहेब धावत आले. मेन स्विच कुणी पाडला, विचारलं. मी सरळ सांगितलं, मी पाडला. त्यांनी मला दंडाला धरून मांडवात नेलं.

आबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कुणाचा माणूस रं तू?"

"प्रिंटरचा, आबा."

पुढच्या चार रांगा हसल्या. त्या हसण्यानं खुर्च्या खाली आल्या, हे मात्र खरं. मग आबा स्वतःच म्हणाले, चला, बघू तुमचा प्रिंटर. मागनं निम्मी सभा आली, विरोधकही आले. लाईट चालू केली. कॉम्प्युटर जागा व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात मी फौजेत सिग्नलमध्ये होतो हे सांगून सगळ्यांना अर्थिंग समजावलं, तिरका प्लग समजावला, जळालेला ठिपका समजावला. लोक ऐकतही होते.

कॉम्प्युटर चालू झाला, प्रिंटरचा दिवा लागला. छापायचा हुकूम दिला.

प्रिंटर गप्प.

आबा गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि त्यांनी प्रिंटरच्या खाली बघितलं. तिथं खोका असतो. भोकं पाडलेला घडीचा लांब कागद त्यातनं वर चढतो. आबांनी तो खोका बाहेर ओढला आणि माझ्यापुढं उपडा केला. त्यातनं एक झुरळ पडलं.

"आवं सिग्नलवाले," आबा हळूच म्हणाले, "कागद संपलाय."

कुलकर्णी साहेब घाम पुसत म्हणाले, ठीक आहे, दुसरा खोका काढा.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दुसरा खोका मागवायचं काम माझ्याकडं होतं.